किल्लीचा खेळ

कॅशियरकाकांनी किल्ली कुंडीतल्या मातीत खुपसली, हात झटकले आणि खुर्चीवर येऊन बसले. मग कुंडीकडे टक लावून बघत राहिले.

टाळ्या वाजल्या. खेळ असा, की शोधणाऱ्याने बाहेर पॅसेजमध्ये थांबायचं आणि टाळ्या ऐकू आल्या की आत यायचं. आतल्यांनी चेहऱ्यावरून काही कळू द्यायचं नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई आत आल्या, त्यांनी काकांकडे पाहिलं आणि कुंडीतून किल्ली काढून काकांच्याच हातात ठेवली.

"काका," सर म्हणाले, "ज्याला खरंच काही लपवायचंय, तो तिकडे बघत नाही."

"आणि न बघता चोरीला गेली म्हणजे?" काकांनी विचारलं. त्यांचा सगळा जन्म तिजोरीसमोर गेला होता.

तिकडे न बघण्याचं ते वाक्य सर गेली चार वर्षं सांगत होते. खाली दारावर 'नवशिक्या प्रौढांसाठी अभिनयवर्ग' अशी पाटी होती, आणि ती अजूनही खरी होती हेच दुःख होतं. नाटक कंपनी बंद पडली तेव्हा तेवढ्यापुरता आधार म्हणून त्यांनी हा वर्ग धरला. सत्र संपलं की विद्यार्थी जातात अशी त्यांची समजूत होती. हे जात नव्हते. सत्र संपलं की तीच मंडळी पुन्हा पहिल्या सत्राला नाव घालत. रंगमंचावर जायची कुणालाच घाई नव्हती. लोकांसमोर वगैरे आपल्याला जमणार नाही, असं विमा एजंटाने तर स्पष्टच सांगून ठेवलं होतं. शिवणकामवाल्या काकू थर्मास भरून चहा आणत. कुणाचं पथ्य काय, कुणाच्या सुनेचं बिनसलंय का, सगळं सगळ्यांना पाठ. संवाद तेवढे पाठ होत नसत. काकूंचे यजमान गेले त्या आठवड्यातही त्या आल्या होत्या. वर्गाचा दिवस आहे, म्हणाल्या, जाणार कुठे.

आज मात्र वर्ग सोडतोय हे त्यांना सांगायचंच होतं. जुना दिग्दर्शक मित्र नवं नाटक घेऊन दौऱ्यावर निघाला होता. म्हाताऱ्या बापाची भूमिका त्याने सरांसाठी राखून ठेवली होती, आणि सर रोज 'उद्या सांगतो' म्हणत होते. शेवटी वैतागून त्याने बजावलं होतं, की आज तुझ्या वर्गाच्या वेळेला फोन करतो. नाही उचललास तर दुसरा बाप बघतो. निघताना बायकोने पिशवी हातात दिली.

"आजही नाही सांगितलंत," ती म्हणाली, "तर अंथरूणही तिकडेच न्या."

ती पिशवी आता खिडकीत होती. फोन तिच्यातच, आवाज बंद केलेला.

सर उठून उभे राहिले.

"मी जातोय," ते म्हणाले. "नाटकाचा दौरा आहे. आजचा वर्ग शेवटचा."

थर्मासचं झाकण फिरवता फिरवता काकूंचा हात थांबला. मग एजंट खुर्चीत मागे रेलला.

"नाही पटलं, सर. शेवटचा म्हणताना तुम्ही खाली बघितलंत."

डॉक्टरीणबाईंनी दुजोरा दिला. हातांचं काय करायचं हे ठरलेलं दिसत नाही, असं त्यांचं मत पडलं. काकांना ते पाठ केल्यासारखं वाटलं. सरांनी पुन्हा सांगितलं, कळकळीने सांगितलं. त्यावर आता जरा जास्तच झालं, असं ठरलं.

सगळे शेरे सरांचेच होते. इतकी वर्षं सढळ हाताने वाटलेले, आज एकेक करून घरी परत येत होते. मी खरं बोलतोय, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण हे वाक्य या खोलीत दर वेळी कुणी ना कुणी म्हणे, आणि फार वाईट म्हणे. तोंड मिटून ते पॅसेजमध्ये गेले.

नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायले. समोर जिना होता, जिन्याखाली रस्ता. फोन मात्र आत.

आतून टाळ्या वाजल्या. पाय आपोआप वळले.

सगळे आपापल्या जागी होते. खिडकीत पिशवी नव्हती.

सरांनी एकेक चेहरा पाहिला. एजंट जांभई देत होता. डॉक्टरीणबाई नखं तपासत होत्या. काका कंटाळलेल्या माणसासारखे नुसताच चष्मा पुसत होते. कुठे काही म्हणून दिसेना. काकू तेवढ्या सरांच्या कपात चहा ओतत होत्या. कप भरला, बशी भरली, चहा टेबलावरून खाली ठिबकू लागला, तरी ओतत होत्या.

सरांनी थर्मास अलगद त्यांच्या हातातून काढून घेतला. म्हणजे पटलं होतं. पहिल्याच वाक्याला पटलं होतं.

तेवढ्यात कपाटामागे फोन थरथरू लागला. लाकडावर असा गुरगुरत होता की बहिऱ्यालाही जागा कळावी. काका चष्मा पुसत राहिले. एजंटाने आणखी एक जांभई दिली, पहिलीपेक्षा सरस. खोलीतला एकही डोळा कपाटाकडे वळला नाही.

कपाट हाताच्या अंतरावर होतं. सर खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

फोन थांबला.

सर खुर्चीवर बसले. बशीतला चहा कपात ओतायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

"ठीक," ते म्हणाले. "आता बाहेर कोण जातंय?"

कुणी हललं नाही.