छातीएवढं जोतं

या, जरा जवळ सरका. आधी त्या वरच्याचं नाव घ्या, मग एका गवंड्याची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण मन लावून ऐका.

वय चोवीस. गावाची घरं बांधणारा हा पोरगा आता नदीपासून लांब, चढावर, स्वतःचं घर बांधत होता. जोतं घेतलं थेट छातीएवढं, आणि खिडकीखाली भिंतीत लोखंडी कडी बसवली.

थोरला भाऊ कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "ही कडी कशाला रे? अधांतरी म्हैस बांधणार?"

"होडी बांधायला."

"होडी! अरे, नदी कुठं, तू कुठं!"

"दादा, तीन वर्षांत पाणी तुझ्या उंबऱ्याला लागलं. मी पन्नाशीला येईन तेव्हा इथं असेल."

"मग आत्ताच पोहायला लाग!" दादा हसत उतरून गेला.

लग्नाचं बोलणं चाललेल्या मुलीनंही विचारलं होतं, पुढं काय दिसतं तुम्हाला? यानं खरं ते सांगितलं. तिला दिसत होती शहरातली गार खोली, बाहेर आग ओकणारं ऊन असलं तरी आत कळायचं नाही अशी. होकार काही आला नाही. बरोबरीची पोरंही अशाच खोल्या शोधत पांगली.

राहिली आई. ती खाली, नदीकाठी, दादाकडे. "आई, चल ना वर राहायला," हा रोज म्हणायचा. ती रोज म्हणायची, "बघू." आईलाही आपण खुळेच वाटतो, असं धरून तो एकटाच जेवायचा. रिकाम्या खोलीत थापी ठेवली तरी आवाज घुमायचा.

एका दुपारी आई डबा घेऊन आली. जोत्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली ती बसलीच.

"खाली येऊन घे रे डबा."

"अगं, चारच तर राहिल्या!"

"तुला पंचवीस वर्षांपुढचं पाणी दिसतं बाळा, माझे गुडघे नाही दिसले."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलंस कधी?"

देवा रे! पाण्याची उंची मोजणाऱ्यानं आईचं पाऊल मोजलंच नव्हतं. आई खाली घरी परतल्यावर त्यानं सातही पायऱ्या फोडल्या आणि निम्म्या उंचीच्या नव्या बांधल्या, चौदा. सिमेंट पक्कं होईपर्यंत आईला त्यांवर पाय ठेवता यायचा नाही. म्हणून आता सकाळ-संध्याकाळ त्यांवर पाणी मारत, खालच्या वाटेकडे बघत, तो एकटाच बसलेला असतो.

पूर न येवो. आई मात्र येवो. हात जोडाल तेव्हा, मायबापहो, त्या पोराची तेवढी आठवण ठेवा.