पहिल्या लाभार्थ्याचा हात

कामगार विम्याच्या आमच्या कार्यालयाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या पानावर अपघाताची पेन्शन मिळालेल्या पहिल्या कामगाराचा फोटो हवा होता. लोणंदच्या एका कारखान्यात उजव्या हाताची दोन बोटं गमावलेले जालिंदर. मी पलूसला त्यांच्या घरी गेले.

जालिंदरकाकांनी पाण्याचा पेला पुढे केला, तोही उजव्या हाताने. बोटं पाच होती. मी डावा हात पाहिला. तिथेही पाच.

घर चुकलं का, असं मी विचारतच होते, तेवढ्यात त्यांचे धाकटे भाऊ नागसेन चहा घेऊन आले. त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती.

मग हळूहळू कळलं. तेव्हा दोघे भाऊ लोणंदलाच राहायचे; नोकरी एकाच्या नावावर असायची आणि पाळीला घरातलं जे मोकळं असेल ते जायचं. मुकादमाला यंत्रापुढे माणूस उभा दिसला की झालं. त्या दिवशी जालिंदर सैन्यभरतीला गेलेले, म्हणून नागसेन कामावर. विमा जालिंदरचा, त्यामुळे दवाखान्यातही नागसेन जालिंदरच झाले. भरती काही झाली नाही. पेन्शन मात्र अजून जालिंदरच्या खात्यात येते आणि नागसेनच्या घरी जाते.

यंदा जालिंदरकाकांना हृदयविकाराचा झटका आला. पेन्शन नाववाल्याच्या हयातीपुरतीच.

"बोटं माझी गेली, ताई," नागसेन म्हणाले, "पण जित्तं ह्यानं ऱ्हायचं."

"म्हणून तर गोळ्या घिऊन भाऊजी माज्या आदी हजर," जालिंदरकाकांच्या पत्नी लक्ष्मीकाकू म्हणाल्या. "ह्यांची बिडी बी तेच लपवत्यात."

"सुखानं मरू बी दीना झालाय," जालिंदरकाका हसले.

नागसेननी भावाच्या बशीतली खारी उचलून स्वतःच्या बशीत ठेवली. ही माया की पेन्शनची काळजी, मला वेगळं करता येईना. अपघात खरा, तुटलेली बोटं खरी, भरलेला विमाही खरा. मग खोटं नेमकं कुठे होतं?

खरं लिहिणार का, असं नागसेननी हळूच विचारलं. मला माहीत नाही, असंच मी सांगितलं.

फोटोसाठी त्यांनी हात टेबलावर ठेवला. जालिंदरकाका उठू लागले.

"हितंच बस," नागसेन म्हणाले. "नाव तुजं हाय."

मी फक्त हात टिपला आणि खाली जालिंदरकाकांचं नाव घातलं. साहेबांना फोटो आवडला. चेहरा का नाही, एवढंच त्यांनी विचारलं.