सीताबाईंची वाटी आणि माझं झाकण

मित्रांनो, रोह्याजवळच्या एका लहानशा आरोग्य केंद्रात जुन्या रजिस्टरांच्या गठ्ठ्याखाली एक निळा डबा दबलेला आहे. तो मी. लस थंड ठेवणारा डबा. मला हात लावायला आता कोणी येत नाही. तुम्ही आलात, बरं वाटलं.

एके काळी माझा थाट होता बरं का! पोलिओच्या रविवारी निशिगंधा सिस्टर मला खांद्याला लावून वरसे ते अष्टमी पायपीट करायच्या. 'डबा आहे म्हणून लस आहे,' म्हणायच्या आणि मी फुगायचो. पुढे नवे डबे आले. माझ्या झाकणाची कडी तुटली, तिथे सुतळी आली. 'चालतंय की,' सगळे म्हणाले. खरं सांगतो, मीही तेच म्हणालो.

मग वरसे गावात एक साखरपुडा झाला. दुसऱ्या दिवशी तिसेक माणसं जुलाब-उलट्यांनी आडवी पडली. फराळाला विकतचं श्रीखंड होतं आणि सीताबाईंची चटणी-सँडविचं. श्रीखंडाची भांडी केव्हाच घासून झाली होती, तपासायला त्यातलं काही उरलं नव्हतं, म्हणून सगळ्यांची बोटं सीताबाईंकडे वळली. बाई एकटी, स्टँडजवळच्या गाडीवर पोट भरणारी.

त्या दिवशी नवे डबे लसीकरणाला गेले होते, म्हणून सिस्टर मला घेऊन तिच्या घरी गेल्या. शेजारची जनी तिला समजावत होती, "फेकून दे गो ती चटणी. वस्तूच नाय, तर कोण काय करतंय?"

सीताबाईंनी फ्रीजमधली उरल्या चटणीची वाटी काढून सिस्टरांपुढे धरली. "नाय. तपासा. माझ्या हातनं लोकांना बाधलं असंल, तर मला कळाया नको?"

चटणी बाटलीत गेली, भोवती बर्फ लागला, सुतळी आवळली. किती दिवसांनी मला काम मिळालं होतं! प्रयोगशाळा पेणच्या पुढे. नागोठण्याला गाड्या अडल्या, भर उन्हात तीन तास. सुतळी सैल पडली. फटीतून ऊन आत येत होतं आणि मला ओरडता येत नव्हतं.

प्रयोगशाळेतल्या सुजयने झाकण उचललं आणि मान हलवली. "बर्फाचं पाणी झालंय, सिस्टर. आता जंतू सापडले तरी ते वाटीतले की वाटेत वाढलेले, कसं सांगू? नमुना बाद."

सिस्टरांनी तसंच येऊन सांगितलं. सीताबाई भांडल्या नाहीत.

"म्हंजे माझ्यामुळं झालं, का नाय झालं?"

"ते आता कधीच कळणार नाही, सीताबाई."

आजारी माणसं बरी झाली. गाडी लावायला कोणी मनाई केली नाही, पण पावाला चटणी लावायला सीताबाईंचा हातच होईना. मी इथे कोपऱ्यात आलो. कडी बसवायला पाच मिनिटं लागली असती, हे मनातून जात नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे काही मोडकं दिसलं, तर 'चालतंय' म्हणू नका. त्याच दिवशी नीट करा. त्याच्या भरवशावर कोण काय सोपवून बसलंय, आपल्याला ठाऊक नसतं.

परवा जनी औषधाला आली होती, तेव्हा सिस्टरांना सांगत होती. सीताबाई अजून रोज वाटीभर चटणी वाटतात. एकट्याच खातात आणि दुसऱ्या दिवशी पोट बिघडतं का, याची वाट बघतात. काहीच होत नाही. तरी संध्याकाळी पुन्हा वाटतात.