आमच्या घरातलं ‘बघू’

आमच्या ह्यांना उभ्या जन्मात ‘नाही’ म्हणता आलं नाही. नाही म्हणायचं असलं की हातातला स्क्रूड्रायव्हर काउंटरवर टकटक वाजवायचे आणि म्हणायचे, ‘बघू.’ नवा पंखा घेऊ या? बघू. लेकीकडे जाऊन राहू या? बघू. सगळी गल्ली ओळखून होती, की बघू म्हणजे विषय संपला.

ओळखत नव्हता तो एकटा धंद्याचा सल्लागार. समोर बड्या कंपनीचं चकचकीत सर्व्हिस सेंटर उघडलं आणि आमच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात माश्या मारायची वेळ आली, तेव्हा लेकीनं त्याला आमच्या गळ्यात मारलं होतं.

“काका, तुमचे हात मशीनमध्ये. फोन वाजून वाजून बंद पडतो, गिऱ्हाईक समोर जातं,” तो म्हणाला. त्यानं ह्यांचा आवाज भरून घेतला आणि काउंटरवर एक डबी बसवली. ती आपणहून फोन घेणार आणि उत्तरं देणार, ह्यांच्याच आवाजात.

पहिल्याच आठवड्यात पंचाईत झाली. कुणीतरी विचारलं, बंद कारखान्यातली जुनी मशीनं विकत घेता का? डबी म्हणाली ‘बघू’, आणि स्वतःच तो होकार समजून तिनं पत्ताही दिला. टेम्पोभर गंज दारात! मी सल्लागाराला चांगलंच फैलावर घेतलं. “अरे शहाण्या, बघू म्हणजे नाही!” त्यानं मुकाट्यानं डबीला तसं शिकवलं. हे आपले पोट धरून हसत होते. पण खरं सांगायचं तर त्यानंतर धंदा सावरला.

मग हे गेले. डबी राहिली.

मी ती बंद केली नाही. खोटं कशाला बोलू, मला तो आवाज हवा होता. दुरुस्ती मलाही येते, ह्यांच्या शेजारी बसून मीही हात काळे केलेत. दुकान चालू ठेवलं.

एकदा कोपऱ्यावरची शिंपीणबाई सांगितल्या दिवशी फिरकलीच नाही. दुसऱ्या दिवशी आल्यावर मी तिला बोलले, तर म्हणाली, “अहो, फोनवर काकांचा तो आवाजच म्हणाला, ‘हिची पाठ धरलीय, मशीन उद्या आणा.’”

पाठ खरंच धरली होती. पण मी कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं.

अंगावर सर्रकन काटा आला. दुकान समोरच्या कंपनीला देऊन टाकायचं आणि कायमचं लेकीकडे जायचं, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. त्या आवाजाबरोबर एकटीनं राहायची माझी छाती नव्हती. सल्लागाराला बोलावलं. त्यानं माझ्यासमोर वायर काढली, डबी पिशवीत टाकली.

“झालं, काकू. आता हा नुसता साधा फोन,” म्हणाला आणि गेला.

भरदुपारची वेळ. संध्याकाळी कंपनीचा माणूस किल्ल्या न्यायला येणार होता. मी मशीनांवर चादरी घालत होते, तेवढ्यात फोन वाजला. गिऱ्हाईक असेल म्हणून उचलला.

पलीकडे कुणी बोलेना. नुसती टकटक ऐकू येत होती.

मी फोन कानाशी घट्ट दाबला. घाबरले होते, आणि लाज वाटते सांगायला, पण आनंदही झाला होता.

“अहो,” मी म्हटलं, “मी लेकीकडे जाऊ ना?”

टकटक थांबली.

“बघू.”