रिकामा डबा

कुरुळीच्या गोजाबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाचं भांडं रिकामं परत केलं नव्हतं. शेजारची वाटी आली तर जाताना तिच्यात मूठभर शेंगदाणे तरी असायचेच. शेतावर कंपनी उभी राहिली, शेंगदाणे विकत आणायची वेळ आली, तरी रीत सुटली नाही. हातून सुटला तो मुलगा. रविराज सुई टोचून नशा करायला लागला.

गोजाबाईंनी देव केले, डॉक्टर केले, दोनदा त्याला खोलीत कोंडलं. सापडतील त्या सुया उकिरड्यात टाकल्या. मग तो मित्रांच्या सुया वापरू लागला.

हे त्यांना दीपमालाने सांगितलं. ती दापोडीच्या एका संस्थेतली. दर मंगळवारी यायची, नशा करणाऱ्यांकडून वापरलेल्या सुया घेऊन कोऱ्या द्यायची.

"म्हंजी चोराच्याच हातात किल्ल्या," गोजाबाई म्हणाल्या.

"मावशी, नशा तो आजही करणारच आहे. दुसऱ्याची सुई घेतली तर रोगही घरी आणेल. तपासणीत अजून काही निघालेलं नाही."

त्या 'अजून'वर गोजाबाईंनी वाद सोडला. दीपमाला वापरलेल्या सुयांसाठी जाड प्लॅस्टिकचा डबा ठेवून गेली.

पुढच्या मंगळवारी डबा तयार होता. राखेने लख्ख घासलेला, आत शेंगदाण्याचे लाडू.

"आणि सुया?"

"उकिरड्यात. घाण भांडं द्यायचं व्हय कुणाला?"

दीपमालाने लाडवांकडे बराच वेळ पाहिलं. खाल्ला मात्र नाही. मग दोघी चिमटे घेऊन उकिरड्यावर बसल्या. सात सुया निघाल्या.

तेव्हापासून डबा गोजाबाईच सांभाळू लागल्या. शेजारणीला सांगितलं, औषधाचा आहे. एवढं खोटं देव चालवून घेईल, असा त्यांचा हिशेब होता.

पाच महिन्यांनी एका मंगळवारी दीपमालाने डबा हलवला. आवाज आला नाही. तिचा चेहरा उतरला. तिच्या कामात डबा असा एकाएकी रिकामा आला की बहुधा माणूस गेलेला असे.

"रविराज कुठंय, मावशी?"

"आत हाय, बूट घालतोय. तू सांगितलेली ती नशा सोडवायची जिभेखालची गोळी घ्याया रोज दवाखान्यात जातोय. सा दिस झालं. फुडचं मला ठाव न्हाई."

दीपमाला ओट्यावर टेकली. म्हणाली, "मग आज लाडू नाहीत?"

"न्हाई," गोजाबाईंनी पदराने डोळे पुसले. "रिकामाच बघायचा व्हता मला त्यो."

निघताना दीपमालाने सवयीने कोऱ्या सुयांचं पाकीट पुढे केलं आणि मध्येच थांबली. गोजाबाईंनी ते तिच्या हातातून घेतलं आणि पिठाच्या डब्यामागे ठेवून दिलं.