बस वळायची जागा

वसईकडच्या वटार गावातल्या त्या शेवटच्या आळीत एसटी यावी, असं सगळ्यांनाच वाटत होतं. फक्त ती वळणार कुठे, एवढा प्रश्न निघाला की प्रत्येकाला शेजाऱ्याची वाडी दिसायची.

साल दोन हजार चार. बस नाक्यावर सोडायची आणि तिथून आळीपर्यंत अर्धा तास पायपीट. हिलरीची मुलगी जीना अंधेरीला नोकरी करायची आणि दिवेलागणीनंतर एकटी चालत यायची, म्हणून तिची आई सालोमी बससाठी हट्टालाच पेटली होती. हिलरीलाही बस हवी होतीच. पण हिलरीचा स्वभाव असा की, कोणी फुकट काही देतंय म्हटलं की तो आधी त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघायचा.

चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. सरकारी साहेबांनी नकाशा भिंतीला टांगला आणि सांगितलं की रस्ता आहे तेवढाच पुरेल, लहान बस देऊ, फक्त आळीच्या टोकाला ती वळायला तीन गुंठे जागा द्या. हिलरी उठून म्हणाला की आज बस वळेल, उद्या तिथेच सिमेंटचे ट्रक वळतील. टाळ्या पडल्या. त्याचं चुकलं होतं असंही नाही. नालासोपाऱ्याकडची भातशेती चार-पाच वर्षांत कशी बिल्डिंगांखाली गेली, ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण मागच्या बाकांवरून बायका बोलल्या, सालोमी सगळ्यांत जास्त, आणि शेवटी ठरलं की जागा द्यायची. कोणाची, ते कोणीच विचारलं नाही.

आठ दिवसांनी मोजणीदार आला आणि त्याने लाल रंगाचे चार खुंट ठोकले. ते नेमके हिलरीच्या वाडीच्या कोपऱ्यात, वेलची केळीत.

हिलरीला जेवण जाईना. कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्याने सालोमीला दिवसातून दहा वेळा सांगितलं. आळीच्या टोकाला चार वाड्या, एकीला एक लागून: हिलरीची, मग चुलतभाऊ स्टॅनीची, मग दुसरा चुलतभाऊ सॅन्टनची, आणि शेवटी वारलेल्या चुलतभावाची बायको फ्लॉसीवहिनी हिची. मग चारांत त्याचीच का? स्टॅनीने मोजणीदाराला शहाळं पाजलं होतं, ते त्याने स्वतः पाहिलं होतं. सालोमी म्हणाली की उन्हात आलेल्या माणसाला शहाळं द्यायचंच असतं. हिलरी म्हणाला, "मना कधी दिलं काय त्याने?"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या चारही वाड्या सरकारच्या कागदावर एकच होत्या. सातबारावर अजून आजोबांचं नाव आणि खाली सगळ्यांची नावं एका ओळीत. वाटण्या झाल्या होत्या त्या तोंडी, अमुक फणसापासून तमुक विहिरीपर्यंत. सरकार दरबारी खर्च नको, भानगड नको, भावाभावांत कागद कशाला. या गोष्टीचा आळीला मोठा अभिमान होता. म्हणजे खुंट चारांपैकी कोणाच्याही वाडीत असले तरी कागद तोच, नंबर तोच. कोणती वाडी कोणाची, हे मोजणीदाराला ठाऊक नव्हतं. हिलरीला होतं.

रविवारी मिस्साला सगळा गाव चर्चमध्ये. फादरांचं प्रवचन सुरू झालं की पुरुषमंडळी हळूच बाहेर अंगणात येऊन उभी राहायची. ही रीत जुनी, फादरही आता बोलत नसत. त्या दिवशी हिलरी अंगणात थांबला नाही. सायकल काढून थेट वाडीत आला, चारही खुंट उपटले आणि स्टॅनीच्या वाडीत, मोजणीदाराने ठेवलं होतं तेवढंच अंतर पावलांनी मोजून, दगडाने ठोकून टाकले. जुनी भोकं मातीने बुजवली आणि वर केळीची सुकी पानं टाकली. मिस्साच्या शेवटी कम्युनियनच्या रांगेत तो पुन्हा हजर होता. नखांत माती होती, म्हणून त्याने मुठी मिटून घेतल्या.

त्याला वाटलं, आता स्टॅनी बोंब मारील. सोमवार गेला, मंगळवार गेला, स्टॅनीचा आवाज नाही. उलट वाटेत भेटला तेव्हा हसून जीनाची चौकशी करून गेला. हे हसणं हिलरीला अजिबात आवडलं नाही. बुधवारी दुपारी गाव जेवून आडवं झालेलं असताना तो पाय मोकळे करायला म्हणून निघाला, तर खुंट सॅन्टनच्या वाडीत. हिलरी चोरासारखा उलट्या पावली घरी आला. तक्रार करणार तरी कशी? आणि पुढच्या रविवारी, प्रवचनाच्या वेळी अंगणात सॅन्टन दिसला नाही, तेव्हा खुंट आता कुठे निघालेत ते हिलरीला न बघताच कळलं.

फ्लॉसीवहिनीला मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. तीन-साडेतीन गुंठ्यांत मोगरा, एवढंच काय ते तिचं. पहाटे कळ्या खुडायच्या, नाक्यावर फुलवाल्याला द्यायच्या, त्यावर तिचं सगळं चालायचं. पहिली मोजणी झाली तेव्हा ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनला वसईला गेली होती. परत आली ती डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून, आणि ती पट्टी निघाली तेव्हा मोगऱ्यात चार लाल खुंट उभे.

तिने ओरडाआरडा केला नाही. सालोमीला एवढंच म्हणाली की बस माझ्या दारात वळली तर तुझ्या जीनाचं बरं होईल. सालोमीने हे जेवताना हिलरीला सांगितलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. खुंट तर आपल्या केळीत होते ना, तिने विचारलं. हिलरी म्हणाला की साहेब लोकांचं काय, आज इथे, उद्या तिथे.  सालोमीने त्याला पुन्हा भात वाढला नाही.

महिन्याने दुसराच साहेब आला. पहिल्याची बदली झाली होती आणि याच्या हातात फक्त कागद होता. कागदावर नंबर होता आणि "खुंट ठोकलेले आहेत" असा शेरा. त्याने खुंट पाहिले, फीत लावली, मान डोलावली आणि मोगऱ्याच्या बांधावर खुर्ची मागवून पंचनामा लिहायला घेतला. पंच म्हणून घरातलीच मोठी माणसं हवी होती. हिलरी, स्टॅनी, सॅन्टन तिघेही हजर. कोणी कोणाकडे बघेना. हिलरीच्या मनात चाललं होतं की स्टॅनीने तोंड उघडलं तर आपणही उघडू. एकट्याने बोलायचं म्हणजे सगळं आपल्याच अंगावर घ्यायचं, आणि हे दोघे भर माणसांत म्हणतील की आम्ही कुठे हात लावला? त्यांना तो चांगला ओळखून होता. स्टॅनी नारळाच्या शेंड्याकडे बघत होता. सॅन्टन चपलेने ढेकूळ फोडत होता. अळीमिळी गुपचिळी.

साहेबांनी मजकूर वाचून दाखवला आणि जमीन कसणाऱ्याची सही म्हणून कागद फ्लॉसीवहिनीपुढे धरला. तिने पेन घेतलं, पण सही केली नाही. ती हिलरीला बाजूला, विहिरीपाशी घेऊन गेली आणि हळू आवाजात बोलली.

"हे खुंट हलवलेत कोणीतरी. खुंटाच्या डोक्यावर दगडाने ठेचल्याचे वण हायत. सरकारी माणूस हातोडी घेऊन येतो, दगड घेऊन नाय."

हिलरीने विहिरीत डोकावून पाहिलं.

"स्टॅनी असेल, नायतर सॅन्टन. दोघांवर माझा काडीचा भरवसा नाय. तू सभेत सगळ्यांच्या समोर बोललास, म्हणून तुला विचारते. पहिल्या दिवशी खुंट कुठे होते? तू सांगशील तसं मी करीन."

आता बोलायला हवं होतं. केळीच्या कोपऱ्यातले घड पुढच्या महिन्यात उतरायचे होते. हिलरीने मागे वळून पाहिलं. स्टॅनी आणि सॅन्टन दोघेही त्याच्याकडेच बघत होते, आणि आज पहिल्यांदाच त्या दोघांच्या नजरेत त्याला स्वतःबद्दल काडीचाही संशय दिसला नाही. हा काय बोलणार, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"इथेच होते, वहिनी," हिलरी म्हणाला.

तिने त्याच्या दंडावर हात ठेवला, मग जाऊन सही केली. अक्षर मोठं, वेडंवाकडं, डोळा अजून पुरता आला नव्हता. साहेबांनी कागद पुढे सरकवला आणि पंचांपैकी पहिली सही हिलरीने केली.

सगळे निघाले तेव्हा तिने त्याला पुन्हा हाक मारली. शनिवारपर्यंत कळ्या खुडून घेते, म्हणाली, मग झाडं उपटायला तूच ये, मला वाकवत नाही.

"त्या दोघांना नको," ती म्हणाली. "आपला माणूस असला म्हणजे बरं."