समोरून पाहिलेला नेम

"उजव्या हातात नव्हे! धनुष्य डाव्या हातात. दोरी उजव्यानं ओढायची," मी म्हटले.

अनुंगूने हात बदलले आणि बाण पुन्हा भलत्याच बाजूला लावला. माझी ही सून अडेल घोडी दोहते, वादळात तंबूचे दोर एकटीने आवळते. धनुष्याला मात्र तिने आजवर हात लावला नव्हता.

"इतकी वर्षं बघत आलीस ना गं?"

"समोरूनच बघितलं, आई. मी तिकडे असायचे."

तिकडे, म्हणजे नेमासाठी माळावर मांडलेल्या चामडी रिळांच्या रांगेपाशी. माझा मुलगा सराव करी, तेव्हा ती तिथे उभी राही. बाण रिळाला लागला की दोन्ही हात वर करून 'उऊखाय' अशी लांब आरोळी देई आणि बाण वेचून आणी. त्याचा डावा हात तिला उजवीकडे दिसे. तिने जे पाहिले, तेच ती आज करीत होती. मी त्याच्या पाठीमागे उभी असे. त्याला मीच शिकवले होते.

वसंतातल्या बर्फात तो घोड्यांमागे गेला आणि परतला नाही. गेलेल्या माणसाचे नाव आमच्यात घेत नाहीत. त्यामुळे आम्हा दोघींत बोलण्यासारखे फारसे उरले नाही. चहा उकळतो, त्यात मीठ पडते, मेंढ्या संध्याकाळी परततात. रडणे मला जमले नाही. तिलाही नसावे.

ओढणारा हात ज्या घरात, त्या घरात धनुष्य, असा आमच्या घराण्याचा नियम आहे. माझ्या दिराचा मुलगा दोर्लिग आज माझ्या मुलाचे धनुष्य न्यायला येणार होता. होकार मीच दिला होता. सकाळी चहाचा वाडगा माझ्यापुढे ठेवून अनुंगू एवढेच म्हणाली, "तो यायच्या आत मला शिकवा."

"एका दिवसात कुणी शिकत नाही."

"ठाऊक आहे."

माझ्या मुलाचे अंगठ्यावर चढवायचे चामडे तिला सैल होत होते. मी लोकरी नमद्याचा तुकडा फाडून आत कोंबला. "अंगठ्यानं दोरी अडकव. अंगठ्यावर बोट दाब. पाय काय असे? दूध काढायला बसलीस का?"

ती ओढू लागली. शिंगाच्या धनुष्याची दोरी हनुवटीपर्यंतही येईना. तरी तिने दोरी सोडली नाही.

तेवढ्यात दोर्लिगचा घोडा आला. "काकू, वहिनीला तीर मारायला शिकवताय की पीठ मळायला?"

"आधी खाली उतर. आमच्या दारात घोड्यावर बसून बोलत नाहीत."

तो उतरला. मी अनुंगूच्या पाठीशी गेले, तिच्या हातांवर माझे हात ठेवले. तिचा खांदा माझ्या छातीला लागला. ती आली त्या वर्षापासून मी तिला इतके जवळ कधी घेतले नव्हते. दोघींनी मिळून दोरी कानापर्यंत आणली.

"श्वास धर. सोड."

बाण रिळांच्या अलीकडेच पडला, गवतावरून घसरत गेला आणि कडेच्या रिळाला टेकून थांबला. घसरत गेलेला बाणही आमच्यात लागलाच म्हणतात. आरोळी द्यायला तिथे कोणी नव्हते.

दोर्लिग घसा खाकरून म्हणाला, "काकू, ओढणारा हात तुमचा होता."

"माझा हात काय परघरचा आहे?"

त्याने खाली पाहिले. चहा घेतला, दोन्ही हातांनी वाडगा परत दिला, आणि धनुष्य न घेताच घोड्यावर बसून निघून गेला.

अनुंगू बाण आणायला गेली. मी धनुष्य धरून उभी होते. तिने बाण उचलला, पण परत आली नाही. रांगेच्या बाजूला सरकली, तोंड इकडे केले आणि हात वर करण्याच्या बेतात उभी राहिली, जशी तेव्हा रोज राही. तिच्या समोर फक्त मी होते.

मी तिला बराच वेळ तसेच उभे राहू दिले.

मग हाक मारली, "अनुंगू, इकडे ये. तुझी जागा आता इकडे."

ती चालत आली. धनुष्य तिने उजव्या हातात घेतले, क्षणभर थांबली, आणि डाव्यात धरले.